शेवटच्या पाण्याची टाकी

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नका. आजवर कुणी ठेवलेला नाही आणि त्यामुळे माझं काही अडलेलं नाही.

मी एक जुनी लोखंडी टाकी आहे. रुग्णालयाच्या मागच्या अंगणात भिंतीला टेकून उभी असते. पोटावर गंजाचे डाग आहेत आणि झाकण आपलं नावाला. पण एके काळी मी एकाच पाण्याने दोनदा चादरी धुतल्या, एका शिकल्यासवरल्या इंजिनियरच्या तोंडातून साबणाचे फुगे काढले आणि एका सकाळी अख्खं रुग्णालय गुलाबी करून टाकलं.

हसा, खुशाल हसा. तुमच्या शाळेने तुम्हाला इथलं धुलाईघर दाखवायला आणलंय, ते बघून झालंय, तुमच्या बाई अजून आत साहेबांशी बोलताहेत आणि तोवर तुम्ही माझ्या सावलीत बसला आहात. फुकटची सावली घेतली की गोष्ट ऐकावी लागते. पुढे बसलेली ती दोन वेण्यांची मुलगी तेवढी हसत नाही. वेणीचं टोक चावत माझ्याकडे टक लावून बघते आहे. बघू दे बापडी.

तर माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्यासोबतचे पत्रे जहाजाला गेले. मीसुद्धा जहाजच व्हायची, पण पत्रा वाकवताना कारागिराला शिंक आली आणि मी गोल झाले. गोल वस्तूला समुद्रावर कोण पाठवणार? मला गाडीत घालून इथे आणलं आणि धुलाईघराच्या कोपऱ्यात उभं केलं. समुद्र राहिला तो राहिलाच. मात्र पुढे माझ्या पोटातून जेवढं पाणी गेलं तेवढं त्या जहाजांनी जन्मात पाहिलं नसेल.

धुलाईघरात कपडे धुण्याची तीन यंत्रं होती. एकाचं नाव ढेरपोट्या, दुसऱ्याचं खोकल्या आणि तिसरं सारखं कुरकुर करायचं म्हणून त्याला सगळ्या जणी सासूबाई म्हणायच्या. या तिघांवर आणि तिथे काम करणाऱ्या सगळ्यांवर मावशीची सत्ता. तिचं खरं नाव हजेरी घेणाऱ्यालाच काय ते ठाऊक. एरवी डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्यापर्यंत सगळ्यांची ती मावशीच होती.

मला इथे आणायची कल्पना इंजिनियरची. त्याचं म्हणणं असं, की चादरी धुतल्यावर त्या पुन्हा पुन्हा साध्या पाण्यात खळबळून काढतात. त्यातल्या शेवटच्या खळबळीचं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं. ते गटारात सोडायचं आणि पुढच्या मळक्या चादरींना पहिलं पाणी पुन्हा कोरं द्यायचं, हा निव्वळ उधळेपणा झाला. म्हणून ते शेवटचं पाणी माझ्यात यावं आणि माझ्यातून पुढच्या मळक्या चादरींना पहिलं पाणी म्हणून जावं.

मावशीने हे ऐकलं आणि कमरेवर हात ठेवले. एवढ्या माणसांच्या अंगाखालच्या चादरी उष्ट्या पाण्यात धुवायच्या म्हणजे काय, असं तिने विचारलं. इंजिनियर म्हणाला की पाणी उष्टं नाही. म्हणता म्हणता त्याने खळबळीच्या पाण्याचा पेला भरला आणि ईर्ष्येने पिऊन दाखवला. त्यानंतर तो दिवसभर बोलायला तोंड उघडी, की फुगा बाहेर पडे. रुग्णालयाच्या तेव्हाच्या साहेबांच्या टेबलावर एक फुगा फुटला आणि त्यांच्या सहीची शाई पसरली. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण माझ्या नळांनी मला सांगितलं.

मावशी मात्र त्या फुग्यांकडे बघत राहिली. संध्याकाळी ती इंजिनियरला म्हणाली, "शेवटच्या पाण्यात अजून इतका साबण राहतो, म्हणजे आपण मुळातच जास्त घालतोय." मग दोघांनी मिळून साबण कमी केला, पाणीही हिशेबात आणलं आणि त्यांचं भांडण मिटलं.

माझ्यापाशी एक दांडा होता. तो डावीकडे केला की खळबळीचं पाणी माझ्याकडे यायचं, उजवीकडे केला की गटारात जायचं. पांढऱ्या चादरींचं पाणी माझं. रंगीत कपड्यांचं आणि संसर्गाच्या खोल्यांतल्या कपड्यांचं पाणी गटाराचं. इस्त्रीच्या मोठ्या रुळातून निघालेली वाफ गार होऊन तिचं पाणी होई आणि तेही एका बारीक नळीने माझ्यातच येई. त्यामुळे मी कायम कोमट असायची. गारठ्याच्या सकाळी बायका आल्या आल्या माझ्या पोटाला पाठ लावून उभ्या राहायच्या. घरच्या कटकटी, मुलांचे ताप, शेजारणीची कुचाळकी, सगळं मला सांगून मोकळ्या व्हायच्या. एवढ्या गोष्टी पोटात घालणारी टाकी तुम्हाला दुसरी सापडायची नाही.

माझ्यात किती पाणी आहे ते दाखवणारी काचेची नळी साबणाने आंधळी झाली होती. म्हणून मावशीने स्वतःची युक्ती काढली. ती बोटाचं पेर वाकवायची आणि माझ्या तळापासून वर वर टकटक करत यायची. पाणी आहे तिथे आवाज 'धप्प' यायचा. जिथे 'धप्प'चं 'ठण्ण' झालं तिथे पाणी संपलं. मग तिथे कान टेकवून ती खात्री करायची आणि यंत्राकडे वळून सांगायची, "घाल, पुरेल." मित्रांनो, खरं सांगू? मला समुद्र नको, जहाज नको. ती टकटक तेवढी हवी.

त्या धुलाईघरात काहीच एकदम टाकलं जात नसे. चादर विरली की मधला भाग काढून कडेच्या पट्ट्यांचे उशीचे अभ्रे व्हायचे. अभ्रे विरले की पुसणी व्हायची. पुसण्याच्या चिंध्या झाल्या की त्या यंत्राचं तेल पुसायला जायच्या. आमचं नाव गावभर झालं. शाळा, कचेऱ्या आणि खानावळी चालवणारे लोक आमची तऱ्हा बघायला यायचे आणि माझ्या पोटावर थाप मारून जायचे. मीही तेव्हा जरा नाकाने कांदे सोलायचे.

आणि मग तो गुलाबी दिवस आला.

मोठे पाहुणे येणार होते. साहेबांनी आदल्या दिवशी सभागृहाचा लाल पडदा धुवायला पाठवला. मावशीने पाहुण्यांसमोर चार शब्द बोलावेत असंही त्यांनी सांगितलं. झालं. भल्याभल्यांना दम देणारी मावशी चार शब्दांना घाबरली. पडदा यंत्रात टाकून ती भिंतीकडे तोंड करून भाषण घोकत बसली. 'मान्यवर' हा शब्द तिच्या जिभेवर काही केल्या बसेना. त्या नादात दांडा डावीकडेच राहिला. पडद्याचं सगळं पाणी माझ्या पोटात आलं.

सकाळी तिने नेहमीप्रमाणे टकटक केली आणि म्हणाली, "घाल, पुरेल." टकटक केल्यावर पाणी किती आहे ते कळतं, कसं आहे ते कळत नाही. मी ओरडून सांगत होते, पण टाकीचं ओरडणं म्हणजे मोठ्या माणसांच्या कानाला नुसतं गुडगुड.

पाहुणे आले तेव्हा चादरी गुलाबी, अभ्रे गुलाबी, डॉक्टरांचे डगले गुलाबी. हाडांचे मोठे डॉक्टर, ज्यांना कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, ते मिठाईसारखे दिसत होते. सगळे रोगी हसत सुटले. एकाच्या पायाचं प्लास्टर हसताना तडकलं आणि आत बघतात तर हाड जुळलेलं. बरं, हे नका मानू. पण चादरी गुलाबी झाल्या होत्या, हे तरी माना.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. पाहुणे गेल्यावर त्यांनी दांडा उजवीकडे केला आणि त्याला साखळी घालून कुलूप लावलं.

मावशी म्हणाली, "साहेब, चूक माझी आहे. कुलूप लावायचं तर माझ्या तोंडाला लावा, तेच भाषण घोकत होतं. टाकीने काय केलं?"

साहेब म्हणाले, "तुमच्या तोंडाला बसेल एवढं कुलूप बाजारात मिळत नाही, मावशी."

सगळे हसले. मावशीसुद्धा हसली. कुलूप मात्र तसंच राहिलं.

त्यानंतर मी रिकामी झाले. वाफेची नळीही बंद केली, तेव्हा गार पडले. शेजारच्या पाइपातून शेवटचं पाणी गटाराकडे जाताना ऐकू यायचं. आपल्याच घरासमोरून आपलं माणूस दार न वाजवता निघून जावं, तसं ते रोज जायचं. बायका आता पाठ टेकायला येत नसत. गार लोखंडाला कोण पाठ लावणार?

मावशी मात्र येत राहिली. रोज तळापासून वरपर्यंत टकटक करायची आणि खालपासून वरपर्यंत 'ठण्ण'च यायचं. ती हळूच म्हणायची, "दम धर ग. उघडतील." साहेबांकडे तिने किती खेटे घातले, त्याला गणती नाही. साहेब बदलले, तिने नव्या साहेबांकडे घातले. शेवटी तिचंच काम सोडायचं वय झालं. बरोबरच्या बायकांनी गुलाबी चादरींपैकी उरलेल्या शेवटच्या चादरीचा अभ्रा शिवला आणि तिला निरोपाला दिला. तो छातीशी धरून ती माझ्याकडे आली. टकटक केली, कान टेकवला आणि म्हणाली, "भरलीस की कळव."

आता सांगा, टाकीने कसं कळवायचं?

तिच्यानंतर एक उन्हाळा असा आला, की रुग्णालयाचे नळ सुस्कारे टाकू लागले. चादरी पडून राहिल्या, धुतलेले डगले नाहीत म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. तेव्हा सगळ्यांना शेवटचं पाणी आठवलं. कुलूप निघालं. पण तोवर मी तळाशी झिजले होते. लोखंड पाण्याने गंजतं म्हणतात. मी वाट बघून गंजले. धुलाईघरात नव्या टाक्या आल्या. आत्ता तुम्ही पाहून आलात, त्याच. दांड्यांना आता रंग दिलेत, पांढरा पांढऱ्यांचा आणि लाल बाकीच्यांचा. कामाची रीत मात्र तीच आहे, इंजिनियरची आणि मावशीची.

मला भंगारात द्यायचं ठरलं होतं. माळ्याने मागून घेतलं, तळाला ठिगळ लावलं आणि इथे उभं केलं. आता छपरावरचं पाणी माझ्यात येतं. खोल्या गार ठेवणाऱ्या यंत्रांमधून थेंब थेंब गळतं तेही येतं. माळी त्यावर झाडं जगवतो आणि अंगणही धुतो. म्हणजे मित्रांनो, मी पुन्हा भरते. गारच असते, पण भरते.

म्हणून जाता जाता एवढंच सांगते. कुठल्याही इमारतीत नळ सोडण्याआधी हे पाणी कुठून आलं आणि पुढे कुणाच्या उपयोगी पडेल, एवढं विचारा. जुनं काही टाकण्याआधी त्यावर एकदा टकटक करून बघा. आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही.

आणि माझ्यासाठी हळहळू नका. मी मजेत आहे. मावशी रोज दुपारी येते. त्या फाटकातून आत शिरते, माझ्या तळापासून वरपर्यंत टकटक करते, कान टेकवते आणि म्हणते...

"खोटं."

वेणी तोंडातून काढून ती मुलगी उठून उभी राहिली होती.

"गुलाबी चादरीचं खरं आहे. आमच्या घरी उशीला तोच अभ्रा आहे, आजी त्यावरच झोपते. पण ती रोज येते हे साफ खोटं. तिचे गुडघे गेलेत. ती जिनासुद्धा उतरत नाही."

ती माझ्यापाशी आली, खाली बसली आणि बोटाचं पेर वाकवलं. तळाशी टकटक. धप्प. थोडं वर. धप्प. मी घाईघाईने काहीतरी सांगायला लागले.

"गप्प बस ना जरा," ती म्हणाली आणि तिने कान टेकवला. "मला नीट ऐकू दे. किती भरलीयेस ते आजीला जाऊन सांगायचंय."