मळवलेलं चिलखत

दुपारी आप्पांचा डोळा लागल्यावर सुनेने न्हाणीघराची कडी लावली, नळ मोठा सोडला आणि सेनापतीच्या चिलखताला तपकिरी रंग फासायला घेतला. नळ यासाठी, की ब्रशची खरखर बाहेर जाऊ नये. स्वतःच्याच घरात चोरासारखं काम करायची तिची ही पहिलीच वेळ.

चिलखत फोमचं होतं. व्यायामाच्या जुन्या चटया कापून, इस्त्रीने शेकून छातीचा आकार दिलेला, वर चंदेरी रंग. पण ज्या सिनेमासाठी ती ते बनवत होती, त्यातला सेनापती लढाई हरून परतणारा. त्याचं चिलखत नवंकोरं दिसून कसं चालेल? म्हणून आठ दिवस खपून तिने त्यावर गंज चढवला होता, चरे पाडले होते, खाचांत धूळ बसवली होती.

आणि काल ती सामान आणायला गेली, तेवढ्यात सासऱ्यांनी ते सगळं पुसून काढलं.

आप्पांचं आयुष्य बँडची पितळी वाद्यं उजळण्यात गेलेलं. वर्षापूर्वी उजवा हात अधू झाला, तेव्हापासून त्यांनी कशाला म्हणून हात लावला नव्हता. ती परतली तेव्हा ते चिलखत मांडीवर घेऊन घामाघूम बसले होते, आणि चेहरा असा फुललेला की तिचे शब्द तोंडातच राहिले.

"किती मळलं होतं गं! पत्र्याचं नाही, म्हणून हलक्या हाताने घासलं. तोंड दिसेल बघ त्यात."

"फार छान झालंय, आप्पा," ती म्हणून गेली.

तिसऱ्या दिवशी शूटिंग होतं. आप्पांनी बघायला यायचा हट्टच धरला. तिने ऊन, धूळ, गर्दी अशा सगळ्या सबबी सांगून पाहिल्या. शेवटी नवऱ्याने त्यांना गाडीत घालून आणलंच.

सेनापती मेकअप करून बाहेर आला. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तीन दिवससुद्धा टिकली नाही चकाकी," ते हळूच म्हणाले. "माझ्या हातचा ट्रम्पेट वर्षभर लखलखायचा. गेला म्हणायचा हात."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली.

"आप्पा, हाताला काही झालेलं नाही. मीच मळवलं ते. तुम्ही झोपला होतात तेव्हा. गोष्टीत जुनंच लागतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, चुकलं माझं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"वेडी. माझं मन राखायला किती खोटं बोलशील?"

"खरंच सांगते! हे बघा." तिने बोटं पुढे केली. नखांच्या कडांना तपकिरी रंग अजून होता.

"तुझी नखं काय, बारा महिने रंगलेलीच."

तिकडून कुणीतरी शांत राहायला सांगितलं. सेनापती पडक्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. चिलखत अगदी हवं तसं दिसत होतं.

आप्पांनी खिशातून एक फडकं काढलं. शेवटचा हात फिरवायला म्हणून त्यांनी ते घरून आणलं असावं. एका हाताने जमेल तशी त्याची घडी करून त्यांनी ते तिच्या हातात दिलं.

"तुझ्या चिंध्यांत टाक. ब्रश पुसायला होईल."

मऊ पिवळं फडकं होतं, स्वच्छ धुतलेलं.