आठ कोनांचं गवत

लोणी केव्हाच पसरून झालं होतं, तरी ओरेस्टची सुरी पावावरून फिरतच राहिली. या कडेपासून त्या कडेपर्यंत आणि पुन्हा परत. टेबलाच्या पलीकडे माझा धाकटा भाऊ लॉर्न बसला होता. डाव्या भुवईवर टाके, दोन्ही हात मांडीवर. मधल्या भांड्यात कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात निवत चालला होता. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा आज कुणीतरी मोठा केल्यासारखा वाजत होता.

"पाटी नव्हती तिथे," एवढंच लॉर्न म्हणाला होता.

माझ्या नवऱ्याने सुरी ताटलीच्या कडेला नीट आडवी ठेवली.

"परत म्हण."

"ऐकलंस की. स्टॉपची पाटी नव्हती."

"पोलिसांनी फोटो काढलेत, लॉर्न. फोटोत पाटी आहे. व्हेल्मामावशीला गाडीतून बाहेर काढत होते तेव्हा मी तिथे होतो, पाटी होती. तू डोळे उघडलेस तेव्हाही होती, हे तूच सांगितलंस. मग तू येत होतास तेवढ्यापुरती ती काय कॉफी प्यायला गेली होती?"

लॉर्न हसला नाही. मीही नाही.

आमच्या मसुराच्या शेताच्या कोपऱ्यावर दोन खडीचे रस्ते एकमेकांना छेदतात. मागच्या आठवड्यात, धुकं जमिनीला चिकटून असलेल्या एका सकाळी, लॉर्नची गाडी त्या चौकात न थांबता घुसली आणि आडव्या रस्त्याने येणाऱ्या व्हेल्मामावशीच्या गाडीवर आदळली. मावशी कुणाचीच सख्खी नाही, साऱ्या गावाची आहे. ती आता शहरातल्या इस्पितळात मोडलेल्या खुब्यानिशी पडून होती. उद्या लॉर्नला न्यायाधीशासमोर उभं राहून गुन्हा कबूल आहे की नाही ते सांगायचं होतं. कबूल म्हटलं की तो चालवायचा ती शाळेची बस गेली. दारू सोडल्यापासून त्याच्या हातात उरलेली ती एकच किल्ली होती. सकाळी मुलांना शाळेत पोचवायचं, दुपारी घरी सोडायचं आणि मधल्या रिकाम्या वेळात स्वतःला सांभाळायचं.

रक्ताच्या तपासणीत काही निघालं नव्हतं. पण गावातल्या कॉफीच्या टेबलाला तपासणी पुरत नाही. आणि खरं सांगायचं तर ती मलाही पुरली नव्हती. इस्पितळात लॉर्नला मिठी मारताना मी त्याचा श्वास हुंगला होता. ते त्याला कळलं होतं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलताना तोंड किंचित बाजूला वळवत असे.

"आणि समज, नव्हती पाटी," ओरेस्ट म्हणाला. "तरी? चड्डीत होतास तेव्हापासून त्या चौकात थांबतोयस. तिथे थांबायचं असतं हे सांगायला तुला पत्रा लागतो?"

"हो, लागतो." लॉर्नने पहिल्यांदाच मान वर केली. "माणूस चौकाला थांबत नाही, ओरेस्ट. लाल दिसलं की पाय आपोआप ब्रेक दाबतो. धुक्यात सगळे चौक सारखेच. मी लाल शोधत होतो. लाल दिसेना, म्हणून वाटलं, चौक अजून पुढे आहे."

"वा! हेच सांग उद्या. न्यायाधीश टाळ्या वाजवेल."

"ओरेस्ट," मी म्हणाले.

"काय ओरेस्ट? जज काय त्याची बहीण आहे, मार्लीन, दोन गोळे जास्त वाढायला?"

मी भांडं लॉर्नकडे सरकवलं. मग जे तिघांच्याही मनात होतं आणि कुणाच्याच ओठांवर नव्हतं ते विचारलं.

"हंगामात कुणी उपटून ठेवली असेल तर?"

आमच्याकडे हे करतात. सगळे करतात आणि कुणी बोलत नाही. हार्वेस्टरचा पुढचा जबडा रस्त्याहून रुंद. कोपऱ्यावर वळताना तो पाटीच्या खांबाला अडकतो. जबडा सोडवून गाडीवर चढवायचा आणि पलीकडे पुन्हा जोडायचा, तर अर्धी दुपार जाते आणि आभाळ कुणासाठी थांबत नाही. म्हणून दोघे जण खांब हलवून हलवून खड्ड्यातून उपटतात, रस्त्याकडेच्या चरात आडवा ठेवतात आणि यंत्र पार झालं की पुन्हा रोवतात. सरकारी कायद्यात हा गुन्हा आहे. आमचा कायदा वेगळा आणि एका ओळीचा: ज्याने उपटली त्याने रात्रीच्या जेवणाआधी लावायची.

"त्या कोपऱ्यावरून मी जातो, पावलिक बंधू जातात, अजून निम्मं गाव जातं," ओरेस्ट म्हणाला. "आता काय एकेकाचं दार ठोठावत फिरू? मी उपटली होती. मसूर काढायला जाताना. काम संपलं त्याच संध्याकाळी लावलीसुद्धा. झालं समाधान?"

तो इतक्या सहज बोलला की माझी शंका मलाच लाजिरवाणी वाटली. शिवाय त्या सकाळी धडक ऐकून पहिला धावला तो ओरेस्टच. रुग्णवाहिका तालुक्याहून यायला तासभर लागतो. तेवढा वेळ लॉर्न स्टिअरिंगवर बेशुद्ध होता आणि ओरेस्ट मावशीचा हात धरून बसला होता. 'तू होतास म्हणून ती वाचली,' असं म्हणत दुकानातल्या बाईने त्याच्याकडून कॉफीचे पैसे घेतले नव्हते. त्याने ते गल्ल्याशेजारी ठेवून दिले होते. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

"मला घरी सोड, मार्ली," लॉर्न उठला. "उद्या कबूलच म्हणतो. पाटी होती असं सगळे म्हणतायत, तर असेल. माझ्या डोक्याचा काय भरवसा? मी डोळे उघडले तेव्हा ती समोर उभी होती. लाल. माझ्याकडे बघत."

"शहाणा झालास," ओरेस्ट म्हणाला. आणि इतक्या वेळाने त्याने पावाचा घास घेतला.

तो घास मला कुठेतरी खटकला. अपराधी मेव्हण्याने अपराध कबूल केल्यावर कुणाला भूक लागावी, यात तसं वावगं काही नव्हतं. पण तो घास सुटका झालेल्या माणसाचा होता.

रस्त्यावर धूळ होती. कितीतरी दिवसांत पाऊस नव्हता. दोन्ही बाजूंना कापलेल्या शेतांची बोडकी, फिकट सपाटी, तिच्यावर टेकलेलं अवाढव्य आभाळ. नजर अडावी असं काहीच नाही, आणि तरीही या मुलखात माणसं एकमेकांपासून किती काय लपवू शकतात! लॉर्न खिडकीला डोकं टेकून होता.

मला मावशी आठवत होती. शुक्रवारी मी बेरी भरून भाजलेला गोड 'पाय' घेऊन तिला भेटायला गेले होते. औषधांच्या गुंगीत ती अर्धं बोलायची, अर्धं पुटपुटायची.

"तुझा नवरा देवमाणूस गं," ती म्हणाली होती. "हात धरून बसला. माझ्या मेल्या नवऱ्याने कधी धरला नाही एवढा वेळ. पण त्याच्या आधीची ती ठोकाठोक काही मला आवडली नाही."

"कसली ठोकाठोक, मावशी?"

"ठक, ठक, ठक. मला वाटलं, पुरायची पेटी ठोकतायत माझी. म्हटलं, अरे मुडद्यांनो, जरा तरी थांबा, मी आहे अजून! पण आवाज कुठे फुटतोय?"

आम्ही दोघी हसलो होतो. नर्ससुद्धा हसली होती.

चौकापाशी मी गाडी थांबवली. पाटी उभी होती. आठ कोनांचा लाल पत्रा, पोरांनी बंदुकीचा नेम धरून पाडलेली दोन भोकं. ऊन त्या भोकांतून आरपार जात होतं.

"इथे कशाला?" लॉर्न म्हणाला.

"बस गाडीत. आलेच."

आधी मला चर दिसला. पाटीपासून थोड्या अंतरावर, उंच गवतात, एक आकार होता. आजूबाजूचं गवत अजून हिरवट, आणि तेवढाच तुकडा पिवळा, निस्तेज, दडपलेला. बँडेज काढल्यावर खालची कातडी दिसते तसा. कडा सरळ होत्या. मी कोन मोजले. आठ.

एका दुपारच्या सावलीने गवत असं होत नाही. हा पत्रा इथे दिवसचे दिवस निजला होता. आमच्या कायद्यातलं जेवण कितीदा तरी झालं होतं आणि कुणी उठलं नव्हतं.

पावलिकांचंही काम असेल, मी स्वतःला सांगितलं. मग खांबाच्या बुडाशी वाकले. खांब आणि खड्डा यांच्यामधल्या फटीत एक पाचर ठोकलेली होती. हॉकीच्या काठीचा कापलेला तुकडा, आणि त्यावर जांभळी पट्टी. आमच्या मुलाने हट्टाने गुंडाळून घेतलेली. बाकी सारा संघ काळी लावायचा आणि त्याला 'वांगं' म्हणून चिडवायचा. मुलगा नोकरीला लांब गेल्यापासून ओरेस्ट त्या जुन्या काठ्यांच्या पाचरी करतो. आमच्या कुंपणाचा प्रत्येक सैल खांब मुलाच्या बालपणावर उभा आहे.

तरीही यात नवं काय होतं? लावली म्हणून त्याने स्वतःच सांगितलं होतं. प्रश्न एवढाच होता की कधी.

मी पाचर धरून हलवली. कोरड्या मातीने ती सोडली. खांब जरासा कलला, आणि पाचरीबरोबर खड्ड्यातून ठेचून बसवलेली माती ढेकळाढेकळांनी वर आली. त्या ढेकळांत काहीतरी चमकत होतं. मी एक तळहातावर घेऊन फोडलं. काचेचे बारीक, हिरवट, चौकोनी दाणे, गाडीच्या काचेचे असतात तसे. चौकभर ते विखुरलेले होतेच. रस्त्यावर, गवतावर, सगळीकडे. पण हे वर नव्हते. हे मातीच्या पोटात होते. काच फुटल्यानंतर भरलेल्या मातीच्या पोटात.

ठक, ठक, ठक.

वारा पडला होता. पत्रा तरीही किंचित हलत होता.

"काय मिळालं?" लॉर्नने काच खाली करून विचारलं.

मी पाचर कोटाच्या खिशात घातली. ढेकूळ रुमालात बांधलं. त्या दोन-चार पावलांत मी बायको होते की बहीण, ते माझं मलाच ठरवता येईना.

"उद्या काही कबूल करू नकोस," मी गाडीत बसत म्हणाले. "मी येते तुझ्याबरोबर."

त्याने माझ्याकडे बघितलं. या खेपेला त्याने तोंड वळवलं नाही.

परतले तेव्हा ओरेस्ट अंगणात हार्वेस्टरखाली उताणा पडून ग्रीस भरत होता. मला फक्त त्याचे बूट दिसत होते.

"पोचवलं त्याला?"

"पोचवलं."

"रडला?"

"नाही. बाहेर ये जरा."

"हात भरलेत. बोल ना तिथूनच."

मी पाचर खाली, त्याच्या बुटांशेजारी ठेवली. रुमाल उघडून ढेकूळ तिच्या बाजूला ठेवलं. थोड्या वेळाने तो सरकत बाहेर आला आणि उठून बसला. जांभळ्या पट्टीकडे त्याने पाहिलं. मग मातीतल्या चमकत्या दाण्यांकडे.

"मसूर झाला आणि गहू लगेच अंगावर आला, मार्लीन," तो म्हणाला. "रोज म्हणत होतो, उद्या लावू. आणि सगळेच जण ओळखतात तो चौक. कुणाला वाटलं होतं धुकं..."

"ते मला समजतं."

"मग? आता काय करू? माझ्यावर खटला झाला तर शेत जाईल. त्याची तर नुसती बस जाईल."

"नुसती," मी म्हणाले.

त्याच्या बोटांवरचं काळं ग्रीस उन्हात ओलं दिसत होतं. याच बोटांनी मावशीचा हात तासभर धरला होता, हे सारं गाव सांगत होतं. तासभर नसेल. त्यातून काही वेळ वजा करायला हवा होता.

"उद्या मी हे घेऊन लॉर्नबरोबर उभी राहणार आहे," मी म्हणाले. "पाटीचं मला काही विचारायचं नाही. ते कळलं. एकच सांग. तू पोचलास तेव्हा मावशी शुद्धीवर होती, गाडीत अडकलेली होती, रक्त येत होतं. तिचा हात आधी धरलास, की खांब आधी उभा केलास?"

ओरेस्टने ग्रीसगन उचलली. तिचं तोंड चिंधीने पुसलं, पुन्हा पुसलं. मग ती चिंधी यंत्राच्या पायरीवर ठेवली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि कापलेल्या मसुराच्या शेताकडे चालायला लागला.