मेगा म्हणजे किती?

फणसवाडीतल्या आमच्या मंडळाला मोठ्या शब्दांची भारी हौस. हळदीकुंकू मेगा, क्रिकेट मेगा, गेल्या साली नेत्रतपासणी शिबिरही मेगा! यंदा शेजारच्या वाडीनेही 'मेगा' लावलं, तसा आमचा सेक्रेटरी दौलत इरेला पेटला. आपण 'गिगा' लिहायचं, म्हणाला.

यंदाच्या नेत्रशिबिराच्या फ्लेक्सचा मजकूर दाखवायला तो वाडीतल्याच ॲम्ब्रोज अंकलकडे गेला. अंकलची उभी हयात शिवडीच्या गोदामांतले वजनकाटे तपासण्यात गेलेली. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, मेगा म्हणजे किती, ठाऊक आहे का? किती म्हणजे काय, लय मोठं, असं दौलतचं उत्तर.

"मापात 'लय' नसतं रे," अंकल म्हणाले. "मेगा म्हणजे दहा लाख पट. गिगा त्याच्याही हजार पट. तुमचा डॉक्टर दिवसाला किती माणसं बघतो?"

"साठ."

"मग दहा लाख माणसं बघायला किती दिवस लागतील? काढ मोबाइल."

दौलतलाही आता कुतूहल वाटू लागलं. त्याने हिशेब केला, चुकला असेल म्हणून पुन्हा केला. पंचेचाळीस वर्षं! तीही एक रविवार न सोडता. तो हसतच सुटला.

आत अंकलकडे कामाला येणारी शेवंतीमावशी भांडी घासत होती. शिबिराचं ऐकून बाहेर आली आणि यंदा कधी आहे, म्हणून विचारू लागली. गेल्या साली दुसऱ्या घरच्या कामावर खाडा करून ती शिवडीहून आली होती, पण नंबर संपले म्हणून तिला परत पाठवलं होतं.

"लवकर यायचं ना, मावशी," दौलत म्हणाला.

"मेगा लिहिलं होतं ना, दादा. म्हटलं, एवढ्या मोठ्यात माझ्या एकटीचा नंबर कसा नाही लागणार? आता डाव्या डोळ्याने धुरकटच दिसतं."

दौलतचं हसू मावळलं. फार वाईट वाटलं त्याला. त्याने तिथेच मजकूर खोडला आणि लिहिलं, 'नेत्रतपासणी शिबिर. एक डॉक्टर, साठ जण. नावं आधी नोंदवा.' पहिलं नाव शेवंतीमावशीचं घातलं.

रविवारी तपासणी झाली. मावशीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, ऑपरेशनने नजर येईल असं डॉक्टर म्हणाले. साठच्या साठ जण तपासून झाले आणि दारातून एकही माणूस परत गेला नाही.

मंडळींनो, हौस कितीही मोठी असू द्या, पण फ्लेक्सवर खरा आकडा लिहा. त्याच्या भरवशावर कुणीतरी कामावर खाडा करून येत असतं.