फाटकाबाहेरचा चहा

आयझॅक थ्रेलकेल्डला मूठमाती देऊन मंडळी चहाला रग्बी क्लबात गेली, आणि त्याचा एकुलता एक मुलगा नॉर्मन क्लबाच्या फाटकाशी येऊन थांबला.

इंग्लंडातल्या कम्बरलँडच्या त्या खाणगावात रग्बीच्या दोन जाती होत्या आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नव्हता. युनियनवाले हौसेखातर खेळायचे, लीगवाले पैसे घेऊन. एकदा का लीगच्या कागदावर सही केली, की युनियनच्या क्लबात मरेपर्यंत पाऊल ठेवायचं नाही; खेळायचं तर सोडाच, भिंतीला टेकून घोटभर बिअरही प्यायची नाही. नॉर्मनने ऐन विशीत सही केली होती. लग्न ठरलं होतं, आणि खाणीतल्या मजुरीवर बिऱ्हाड थाटायचं म्हटलं असतं तर नवरीचे केस पिकले असते.

आयझॅक तेव्हा युनियन क्लबाचा सचिव होता. नॉर्मनचं नाव काढून टाकायची सभा भरली, तेव्हा अध्यक्ष पिकथॉल, म्हणजे गावातला औषधवाला, त्याला हळूच म्हणाला होता की तू आज घरी बसलास तरी चालेल. आयझॅक म्हणाला, "मुलगा माझा आहे, तेव्हा पहिला हात माझा." आणि त्याने तो वर केला.

त्यानंतर दहा हिवाळे नॉर्मन लीग खेळला. नाक दोनदा मोडलं, पुढचे दात गेले, इंग्लंडकडूनही खेळून झालं. रविवारी तो आईवडिलांकडे जेवायला जायचा. कोंबड्यांबद्दल बोलणं व्हायचं, हवेबद्दल व्हायचं, खेळाबद्दल अवाक्षर नाही. देशाकडून खेळणाऱ्याला मिळते ती इंग्लंडची टोपी त्याने टेबलावर ठेवली, तेव्हा बापाने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, लोकर चांगली आहे. नॉर्मन आधी संतापायचा. पुढे संताप ओसरला आणि नुसती आस उरली, की म्हाताऱ्याने एकदा तरी म्हणावं, बरा खेळतोस. गेल्या वसंतात गुडघा कामातून गेला, खेळ संपला. आता म्हाताराही गेला होता.

पिकथॉल हातात हॅमची बशी घेऊन फाटकापर्यंत आला. स्मशानातून येता येता समितीने ठरवलं होतं म्हणे, आजच्या दिवसापुरता नियम बाजूला ठेवू.

"ये रे आत," तो म्हणाला. "आज कोण बघतंय?"

नॉर्मनने पाऊल उचललंही. आतून शेगडीचा आणि जुन्या बिअरचा वास येत होता. लहानपणी याच दारात तो बापाचा कोट धरून उभा राहायचा. मग त्याने पाऊल मागे घेतलं.

"नको, मिस्टर पिकथॉल. मला बाहेर ठेवणं बाबांना सोपं गेलं नसेल. आज मी तुमच्या सवलतीवर आत शिरलो, तर त्यांनी इतकी वर्षं उगाच जीव जाळला असं होईल."

"अरे, गेलेल्या माणसाला काय कळतंय?"

"मला कळतंय ना. आणि नियम येता येता सरकवण्याइतका हलका होता, तर ते जिवंत असताना का नाही सरकवला?"

पिकथॉल बशी घेऊन फाटकाच्या आतल्या बाजूला तसाच उभा राहिला.

तेवढ्यात नॉर्मनची आई, अ‍ॅग्नेस, दोन कप घेऊन बाहेर आली. ती फाटकाबाहेरच्या बुटक्या भिंतीवर बसली आणि एक कप मुलाला दिला. आतल्या खुर्च्या बऱ्या आहेत, एवढंच ती म्हणाली. विधवाबाई बाहेर बसलेली पाहून आतल्यांच्या घशाखाली केक उतरेना. एकेक करत सगळे म्हातारे बाहेर आले आणि समुद्रावरच्या वाऱ्यात टोप्या सावरत उभे राहिले.

अ‍ॅग्नेसने कप खाली ठेवला.

"इतकी वर्षं घरात विषयच काढायचा नव्हता. त्यांना वाईट वाटायला नको म्हणून मीही कधी विचारलं नाही," ती म्हणाली. "आता सांग बाळा. कसा खेळायचास तू?"

नॉर्मनने बोलायला तोंड उघडलं, पण हुंदकाच बाहेर आला. एवढा दांडगा गडी, सगळ्या गावासमोर रडायला लागला. मग त्या म्हाताऱ्यांपैकी एकाने घसा साफ केला. लीगच्या मैदानाकडे आपण ढुंकूनही पाहत नाही, असं शपथेवर सांगणारी ही माणसं; पण विडनेसच्या संघाविरुद्ध चिखलात नॉर्मनने तिघांना अंगावर घेऊन गुणांची रेष कशी गाठली, ते तो सांगू लागला. दुसरा म्हणाला, तिघं नव्हे, चौघं. मग सगळेच बोलू लागले, आणि अ‍ॅग्नेस एकेकाकडे मान वळवून ऐकत राहिली.