नाण्याने वाजवलेल्या आठ बोटी

मला एका जागी बसवत नाही. कपडे दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाईने असं म्हणावं म्हणजे कमालच, पण खरं आहे. शिलाई मशीनवर असले तरी माझा एक पाय दाराकडे असतो. अशा बाईला दर रविवारी बोटींच्या यार्डात उभं करायचं, आणि समोर नवऱ्याने तासभर बोटीच्या पोटावर नाणं आपटत फिरायचं! डोकं फिरणार नाही तर काय होणार?

आधी बोट कशाला, ते सांगते. माझ्या दिराकडे शिडाची बोट होती. सहा उन्हाळे आम्ही तिच्यावर काढले. घरात आम्ही तिघं म्हणजे तिघांची तीन तोंडं तीन दिशांना. हे कामावर, मी दुकानात, लेक खोलीचं दार लावून आत. बोटीवर दारच नव्हतं, करणार काय? तिथे लेक सुकाणू धरून अखंड बडबडायची, हे दोऱ्या ओढता ओढता बेसूर गायचे, आणि मी चक्क बसायचे. गेल्या वर्षी दिराने बोट विकली आणि दूरच्या शहरात राहायला गेला. या सप्टेंबरात, इकडचा उन्हाळा संपला की, लेक शिकायला बाहेर जाणार. म्हणजे तिघांचा मिळून हा एवढा एकच उन्हाळा उरला होता, आणि तो मला हवा होता. हातपाय आपटून मागावा इतका हवा होता.

आमच्या ऐपतीत जुनीच बोट बसत होती. जुनी बोट घेताना लोक जाणकार माणसाला फी देऊन तिची तपासणी करून घेतात. ती फी ऐकूनच मी पर्स मिटली.

"जाणकार कशाला हवा?" हे म्हणाले. "मी आहे ना."

आम्ही मायलेकींनी लगेच माना डोलावल्या. कारण यांचा कान! हे लाद्या बसवतात, सव्वीस वर्षं झाली. बसवलेल्या लादीवर नाणं वाजवून हे सांगतात, खाली माल नीट भरलाय की पोकळी राहिलीय. भरीव लादी टण्ण वाजते, पोकळ लादी बद्द. दुसऱ्यांनी केलेलं काम तपासायलाही यांना बोलावणं यायचं. घरात टरबूज असो नाहीतर भिंत, यांनी वाजवून सांगितलं की विषय संपला. फायबरच्या बोटीचंही तसंच असतं म्हणे. धड असली तर टणटणीत वाजते, आतून पाणी शिरून कुजली असली तर आवाज बसतो. अशा बोटीला हे 'मेलेली' म्हणायचे.

पहिली बोट मेलेली निघाली. ती तशी दिसतही होती, केबिनमध्ये बुरशी आणि मांजरीची पिल्लं. दुसरीही मेलेली. तिसरी निळी होती. अहाहा! चार माणसं मावतील अशी केबिन, छोटा स्टोव्ह, शिडांची शिवण मी स्वतः नखाने उचकटून पाहिली, एक टाका हलला नाही. गाद्यांना कोणतं कापड घालायचं तेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं. हे पोटाखाली वाकले, नाणं वाजवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, आणि उठून हात झटकले.

"मेलेली आहे. सगळीकडून."

"सगळीकडून? अहो, नीट बघा तरी!"

"वाजवली ना मी."

पुढच्या रविवारी निळ्या बोटीत एक जोडपं बाळाला घेऊन बसलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. म्हणजे पाहिलं, पण रागाने. बिचाऱ्यांना कुजकी बोट पदरात पडली, असं म्हणून मी स्वतःचं समाधान करून घेतलं.

चौथी मेली, पाचवी मेली. सहाव्या बोटीच्या मालकाने तर आम्हाला जवळजवळ हाकलूनच दिलं. "दोन महिन्यांपूर्वी तपासून घेतलीय, कागद दाखवतो," तो ओरडत होता, आणि हे शांतपणे नाणं खिशात टाकत होते. कागदावर कोण विश्वास ठेवणार? आमच्याकडे कान होता. सातवी झाली तेव्हा मे सरला होता. रस्त्याने जाताना छपरावर छोटी होडी बांधलेली गाडी दिसली तरी माझा जळफळाट व्हायचा. दुकानात मी एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय आखूड केला. रात्री उठून मी पाणी प्यायचे, खिडकी उघडायचे, लावायचे.

आणि यांचं वेगळंच चाललेलं. एकतर कामावरून उशिरा यायचे. आजकालचा माल भिकार आहे, रांगाच्या रांगा उखडून पुन्हा बसवाव्या लागतात, म्हणायचे. सिमेंट पुरवणाऱ्या दुकानदाराशी कडाक्याचं भांडण करून आले होते. घरी आले की खुर्चीत बसून मख्ख. मी स्वयंपाकघरातून काही विचारावं तर उत्तर नाही. दोनदा विचारावं, तिसऱ्यांदा मी किंचाळावं, तेव्हा "काय गं?" वर्षभर हेच. "भिंतीशी बोललेलं परवडलं," असं मी येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवत होते. बायकोचं ऐकायचंच नाही असं एकदा ठरवलं की झालं, असंही म्हणत होते. लेक म्हणायची, "आई, हळू बोल गं, शेजारी ऐकतात." मी म्हणायचे, "ऐकू देत, निदान कोणीतरी ऐकतंय!"

आठवी बोट एका निवृत्त दंतवैद्याची होती. खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे त्यांना बोटीवर चढता येत नव्हतं, म्हणून ते ती आमच्या आवाक्यातल्या किमतीला सोडत होते. यार्डात लाकडी टेकूंवर उभी होती, पांढरी, साधी, डोलकाठी आडवी काढून बाजूला ठेवलेली. डॉक्टर काठी टेकत स्टुलावर बसले होते. यांनी खिशातून नाणं काढलं तसे ते खूश झाले.

"आम्हीसुद्धा दात असेच वाजवायचो हो! चालू द्या, चालू द्या."

हे पुढच्या टोकापासून सुरू झाले. लेक शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसून गुडघे हलवत होती. ते ती माझ्याकडून शिकलीय. मी मागच्या बाजूला फेऱ्या मारत होते. जून लागला होता. ही गेली तर नववी, नववी गेली की उन्हाळाच गेला. हातात गाडीची किल्ली होती. मला काही ना काही वाजवत राहायची सवयच आहे, टेबल, ग्लास, जे समोर येईल ते. मी किल्लीने बोटीच्या पाठीवर वाजवत होते आणि मला कळतही नव्हतं.

टण्. टण्. टण्.

पुढून यांचा आवाज आला. "इथे मेलेली आहे." दोन पावलं. "इथेही." आणखी दोन. "इथेही तेच."

डॉक्टरांचा चेहरा पडला. लेक म्हणाली, "झालं. चला घरी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तरातरा पुढे गेले आणि यांच्या हातातलं नाणं अक्षरशः हिसकावून घेतलं.

"कुठे? कुठे मेलीय? दाखवा!"

यांनी बोटाने जागा दाखवली. मी नाणं आपटलं. टण्ण! घरातल्या चिनीमातीच्या मोठ्या भांड्यासारखी वाजली बोट. शिडीवरची लेक उभी राहिली.

"ही मेलेली?" मी विचारलं.

"मग काय! बद्द वाजतेय."

"बाबा," लेक म्हणाली, "ती खणखणीत वाजतेय."

यांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं, आम्ही दोघी मिळून चेष्टा करतोय का, असं. मग नाणं परत घेतलं. त्याच जागी वाजवलं. डावा कान टेकवून वाजवलं, मग उजवा टेकवून. मग तिथेच पडलेल्या लोखंडी पाइपवर वाजवलं. पाइप कसा वाजतो ते यांना सव्वीस वर्षं माहीत होतं. पाइपवर नाणं मारून हे तसेच वाकून राहिले. पाइपसुद्धा यांना मेलेलाच ऐकू आला होता.

लाद्या कापायच्या मशीनचा कर्कश आवाज रोज कानाशी. कानांना काही लावा म्हटलं तर हे हसायचे, कान झाकले तर काम कसं ऐकू येणार, म्हणून.

डॉक्टर हळूच म्हणाले, "बारीक, तीक्ष्ण आवाज आधी जातात. माझेही गेलेत. दात कोरायचं मशीन चाळीस वर्षं."

हे खाली बसले. टेकूला पाठ लावून, जमिनीवरच. मग म्हणाले, "ती निळी?"

लेकच म्हणाली, "मला ती चांगली वाजल्यासारखी वाटली होती, बाबा. पण तुम्ही मेलेली म्हणालात. मला वाटलं, मला कुठे काय कळतंय?"

मीही ऐकलं होतं. खोटं कशाला बोलू? निळी बोट टणटणत होती आणि मी तिथेच उभी होते. बावीस वर्षांत यांच्या कानावर शंका घ्यायची वेळच आली नव्हती. मी स्वतःच्या कानावर घेतली. जगातल्या प्रत्येक गोष्टीवरून यांच्याशी भांडणारी मी, नेमकी तिथे गप्प बसले.

"आणि ती बाथरूम," हे म्हणाले. आमच्याशी नाही, नाण्याशी. "सध्या काम चाललंय त्या आजींची. तीन भिंती फोडल्या मी. चांगल्या लाद्या. त्या म्हणत होत्या, अहो, ठीक वाटतंय की. मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं." मग एकदम मान वर केली. "सिमेंटवाल्याला मी चोर म्हटलं गं."

यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी यांना रडताना पाहिलं नव्हतं, यांच्या आई गेल्या तेव्हासुद्धा नाही. मला वाटलं, घालावी ती बोट चुलीत आणि उन्हाळाही. मी बाजूला बसले, मातीत, चांगला स्कर्ट घालून.

"उठा," मी म्हटलं. मोठ्याने नाही, पण तोंडासमोर. "बोट तपासायचीय अजून."

"मी काय तपासणार?"

"मी वाजवते. तुम्ही सांगा कुठे कुठे वाजवायचं. बोट कुठे कुजते ते कानाला नाही, डोक्याला माहीत असतं ना? ते आहे ना जाग्यावर?"

यांनी नाक पुसलं. खिशातून खडू काढला, लाद्यांवर खुणा करायचा, आणि उठले.

पाऊण तास लागला. हे जागा दाखवायचे, मी वाजवायचे, आणि हे बोटीवर तळहात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. "टण्." पुढची. "टण्." पुढची. लेक डेकवरून जागा सांगत होती. पाऊण तास मी कुठेही गेले नाही, कशावर काही वाजवलं नाही, फक्त ऐकलं. एकाच ठिकाणी, सुकाणूपाशी, आवाज बसला. "बद्द," मी म्हटलं. यांनी तिथे खडूने फुली मारली, आणि हाताच्या पंजाएवढी जागा मोजली.

"एवढंच?"

"एवढंच."

"हे मी दुरुस्त करीन," हे म्हणाले. आणि डॉक्टरांकडे वळून, "घेतो आम्ही."

लेकीने शिडीवरून उडी मारली ती थेट यांच्या गळ्यात. डॉक्टर काठी आपटून टाळ्या वाजवल्यासारखं करू लागले. त्या गोंधळात यांनी माझ्या हातातून नाणं घेतलं नाही. मी पुढे केलं, तर माझी मूठ मिटवली.

"उद्या त्या आजींकडे यायला जमेल?" यांनी विचारलं. "फोडलेल्या भिंतींपैकी दुसरीचं काम आहे. दुकान दुपारी उघडशील का?"

"येते."

"तासन् तास एका जागी बसावं लागतं."

"बसेन."

हे हसले, कसंबसं. "आणि वर्षभर तू जे किंचाळत होतीस ना, ते मात्र मला ऐकू यायचं हं."

लेक खो खो हसली. मला हसू फुटेना. मी मनात वर्षाचे दिवस मोजत होते, स्वयंपाकघरातून मारलेल्या हाका, आदळलेली भांडी, "भिंतीशी बोललेलं परवडलं".

हे पाठमोरे होऊन खडूची फुली पुन्हा गडद करायला लागले. मी नेहमीसारखं मागूनच म्हटलं, "अहो."

यांनी मान वळवली नाही. मग मी बोटीला वळसा घालून समोर गेले, हे माझ्याकडे बघेपर्यंत थांबले, आणि मगच म्हटलं.

"चुकलं माझं."