तुलनेचं रक्त

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. रुग्णांच्या रक्तातून रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी वाढवायच्या, हे तिचं काम. रोग मोठा घुम्या. मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या आतून मिटत जातात आणि माणसाला पत्ता नसतो. निरोगी पेशी बशीतल्या जेलच्या मऊ थरावर सोडल्या की एकमेकींचा हात धरून जाळं विणतात. रुग्णांच्या पेशी तुटक तुटक राहतात.

तुलनेला निरोगी रक्त लागतं. ते आणायचं कुठून? घरचंच. ताईनेच बाही वर केली होती.

पण तुलनेच्या बशीतही जाळं दिसेना. तिने प्रयोग पुन्हा मांडला. तेच.

"ताकही फुंकून पिणाऱ्या तुम्ही, आणि जेल खराब निघावं?" प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर हसले. "खात्रीसाठी आता माझं रक्त घ्या."

"सुई बघून आडवे होऊ नका म्हणजे झालं."

सरांच्या पेशी वाढायला काही आठवडे गेले. मग दोघांच्या पेशी एकाच जेलवर मांडल्या. सकाळी सरांच्या बशीत मधाच्या पोळ्यासारखं जाळं होतं. शेजारी तिच्या पेशी सुट्या सुट्या, एकमेकींशी अबोला धरल्यासारख्या.

सरांनी खुर्ची पुढे केली.

"हातपाय कधी लुळे पडलेत?"

"कधीच नाही."

"मग धीर धरा. बशीवरून निदान होत नसतं. पण मेंदूचा स्कॅन करून घ्या." ते समोर बसले. "हे कधीकधी घराण्यातून उतरतं. एखाद्याला शिवत नाही, पुढच्याला धरतं. लहान मुलांत तर जोरात रडलं, फुंकलं, एवढंही पुरतं. धमन्या आवळतात, हात क्षणभर गळतो. लोक म्हणतात, पोर धांदरट आहे."

ती पर्स घेऊन उठली ती थेट घरी.

नवरा सूप वाढत होता. "आलीस? तुझ्या लेकीने आज पुन्हा पेला फोडला. धांदरटपणात आईवर गेलीय."

"कसा फोडला?"

"कसा म्हणजे? दूध गरम होतं, फुंकत बसली होती."

टेबलाशी लेक गाल फुगवून सुपावर फुंकर घालत होती. ताईनेच शिकवलं होतं तसं, मन लावून.

"फुंकू नकोस, बाळा. राहू दे. आपोआप निवेल."

लेकीने मान वर केली. चमचा हातातून सुटून टेबलावर आपटला. ती आपल्या हाताकडे बघत राहिली, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तशी.

"बघ," नवरा हसत फडकं आणायला वळला. "मी काय म्हणत होतो."