मागच्या खोलीतली रेंज

आमच्या घरात वायफाय होतं, पण ते मागच्या खोलीच्या दारापर्यंत यायचं आणि तिथूनच परत फिरायचं. त्याच खोलीत आई पडून होती. दुखणं वाढल्यापासून तिचा पलंग सुटला नव्हता, आणि डॉक्टर हल्ली वर्षांची भाषा सोडून महिन्यांवर आले होते.

तिला माझ्या धाकट्या भावाला एकच गोष्ट विचारायची होती. आमचं हे शेंडेफळ सहा वर्षांपासून परदेशात आहे. दर रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. हवापाणी, जेवणखाण, औषधं, सगळं सुरळीत व्हायचं. आई "तू कधी" एवढं म्हणाली की चित्र थिजायचं आणि फोन कट. सलग चार रविवार हेच झालं. मागाहून त्याचा मेसेज यायचा की तुमच्याकडचं नेट अगदीच बेकार आहे, काहीतरी करा.

बाबांनी ते मनाला लावून घेतलं. ते टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. तक्रार आली की आधी आपली लाइन तपासायची, समोरच्याचा दोष सगळ्यात शेवटी काढायचा, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. मी म्हटलं, कंपनीचा माणूस बोलावू या. तर म्हणाले, तो दोन मिनिटं बघेल आणि नवा प्लॅन गळ्यात मारून जाईल.

मग हातात फोन धरून ते घरभर फिरले आणि जिथे जितक्या काड्या दिसतील तितका आकडा खडूने भिंतीवर लिहीत सुटले. बाहेरच्या खोलीत चार, स्वयंपाकघरात दोन, फ्रिजमागे भोपळा. भिंती मी नुकत्याच रंगवून घेतल्या होत्या, पण सांगणार कोण? टीव्हीमागे दडलेला राउटर कपाटावर चढला. आईच्या खोलीतलं लोखंडी कपाट आम्ही दोघांनी ओढून बाजूला केलं, त्यात माझी कंबर धरली ती धरलीच. तरी तिथे एकच काडी. शेवटी बाबांनी शिडीवर चढून, वय वर्षं त्र्याहत्तर, छताच्या कडेने केबल नेली, वीत-वीत अंतरावर क्लिपा ठोकल्या आणि आईच्या उशाशी दुसरा राउटर बसवला. आईने विचारलं, आता तुटणार नाही ना? तुटलं तर नाव बदलेन, बाबा म्हणाले.

मला पहिल्यापासून शंका होती. पण ती बोलून दाखवली असती तर बाबा शिडीवरून खाली उतरले असते, आणि मग त्यांनी दिवसभर करायचं तरी काय?

रविवारी कॉल आला. चित्र इतकं स्वच्छ की त्याच्या दाढीतले पांढरे केस मोजता आले असते. या वेळी आईने हवापाण्यात वेळ घालवला नाही.

"बाळा, एकदा येऊन जातोस का? मी आता फार दिवस नाही रे."

शेंडेफळ थिजलं. तोंड अर्धवट उघडं, मान तिरपी, नजर एका जागी. बाबांनी झटकन राउटरकडे पाहिलं. हिरवा दिवा लागलेला, फोनवर चारही काड्या. ते गुडघ्यांवर बसून प्लग दाबायला लागले.

"थांबा, थांबा. माझ्याकडूनच काहीतरी राहिलंय."

मी स्क्रीनकडे बघत होते. भावाच्या मागे खिडकीचा पडदा वाऱ्याने हलत होता. मग त्याची बायको धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन मागून गेली. त्याची पापणी एकदा लवली, आणि तो पुन्हा तसाच बसून राहिला. फोनमध्ये हात घालून त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं.

बाबा अजून केबलशी झटत होते. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, बराच वेळ. मग फोनवर तळहात ठेवून ती मला हळूच म्हणाली,

"बंद कर गं. किती वेळ बसेल तसा? मान अवघडेल त्याची."